पंपाला मारलेली फुंकर

मित्रांनो, मी एक जुना, पाठीवर बसणारा फवारणीचा पंप आहे. अंग पितळेचं आणि स्वभाव स्वप्नाळू. माझ्यातून निघालेला फवारा सकाळच्या उन्हात तरंगायला लागला, की मला वाटायचं, मी ढग बनवतो! आता स्वतःचंच हसू येतं.

माझा मालक शालिकराम. मूळचा भंडाऱ्याकडचा, भिलाईच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. घर तिथल्याच खुर्सीपार वस्तीत आणि जवळच्या उतई गावापाशी वांग्यांची छोटी वाडी. भट्टीपाशी हेल्मेट, चष्मा, हातमोजे घातल्याशिवाय तो कुणाला पाऊल टाकू द्यायचा नाही. वाडीत मात्र स्वतः उघड्या अंगानं, लुंगी खोचून फवारायचा. बायको कौशल्या टोकायची, तर म्हणायचा, "अवं, मी आगीपुढं उभा राह्यतो. हे तं पाणीच हाय!"

माझं नोझल तुंबलं, की तो ते तोंडाला लावून जोरात फुंकर मारायचा. खरं सांगू? मला ते फार आवडायचं. इतकं जवळ कोण घेतं हो आम्हाला? तो माझा लाडच करतोय असं वाटायचं. माझ्या पोटात काय भरलंय, याचा विचार मी कधी केलाच नाही.

त्या रविवारी वांग्यांवर अळी फार होती. शालिकरामनं नवं, जहाल औषध आणलं आणि झाकणभर जास्तच ओतलं. नोझल तीनदा तुंबलं, तीनदा त्यानं फुंकलं. थोड्या वेळानं तो बांधावर मटकन बसला. घामानं नुसता निथळत होता.

"ऊन लागलं तुमाले," म्हणत कौशल्या मीठ घातलेलं लिंबूपाणी घेऊन धावली. भट्टीवाल्यांच्या घरात घामाला हाच इलाज. पण मी शेजारीच पडलो होतो, मला दिसत होतं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. मला जिवाच्या आकांतानं ओरडायचं होतं. पंपाला कुठला आवाज!

तेवढ्यात त्यांची लेक साक्षी औषधाचा डबा घेऊन आली. त्यावर जहाल विषाची खूण असलेला लाल त्रिकोण होता. "आई, ये लू नहीं है! औषध चढलं बाबाले. काही पाजू नको!" तिनं हातांना पिशव्या बांधून त्याची ओली लुंगी काढली, साबणानं अंग धुतलं आणि ऑटोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. डबाही सोबत नेला. तो वाचून डॉक्टरांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली, असं मी नंतर ऐकलं.

अकरा दिवस मला एकच स्वप्न पडायचं. माझा ढग खाली उतरतोय आणि त्यात शालिकराम दिसेनासा होतोय.

बाराव्या दिवशी तो आला, वाळून काडी झालेला. कौशल्या म्हणाली, "फेका तो पंप!"

"त्याचा काय दोष? फुंकर तं मीच मारली," तो म्हणाला. मग हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, तोंड झाकून त्यानं मला धुतलं. नोझल बारीक ब्रशनं साफ केलं.

मित्रांनो, मला असंच लांबून वागवा. तोंड लावू नका, उघड्या हातानं धरू नका. मी वाईट नाही, पण माझी माया तुम्हाला सोसणार नाही. शालिकरामच्या हाताची ऊब आता मला कधीच मिळत नाही. फार आठवण येते तिची. पण वांग्यांतून त्याची शीळ ऐकू येते, आणि मला तेवढं पुरतं.