दुसऱ्या फेरीची वेळ

डाव्या आरशाच्या कडेवर पिवळा ओरखडा होता – बोटभर लांब, ताजा, नखाने खरवडला तर निघेल असा – आणि तिने खिडकीतून हात बाहेर काढून तो खरवडूनही पाहिला. निघाला नाही, नुसती पिवळी भुकटी नखात आली. व्हॅनमधली ड्रायव्हरकाकांशेजारची ही जागा तिची. मागे नऊ जणं एकमेकांच्या खांद्यांवर पेंगत, दप्तरं मांडीवर, पाय कुठे ठेवायचे याची पंचाईत. आणि पुढे मॅनेजरबाई ऐसपैस. हे नाव चिडवण्यासाठीच पडलं होतं, पण चिडवणारेही आवाज जरा खालचाच ठेवत, कारण ही व्हॅन, तिच्या वेळा, तिचं भाडं, सगळं हिच्याच डोक्यातून निघालेलं.

"काका, आरशाला काय झालं हो?"

"कावीळ झालीय त्याला. वय झालं की व्हायचंच."

मागे कुणीतरी डोळे मिटूनच हसलं. काका मात्र हसले नाहीत. एरवी स्वतःच्या विनोदावर पहिले तेच हसायचे.

पिवळे असतात ते खाणीचे डंपर. हे तिला माहीत होतं, पण नुसतं माहीत असणं वेगळं आणि नखात येणं वेगळं... काल जेवताना धाकटा काय म्हणाला होता? तोंडात घास तसाच ठेवून, हात नाचवत – "ताई, तू पहिल्या फेरीला जातेस ना, तुला मजाच माहीत नाही. आज काकांनी सात डंपर काढले! एका दमात, पार उलट्या बाजूने. समोरून आठवा आला तर आम्ही सगळे ओरडलो, आणि काका – सुळकन आत!" आई म्हणाली, आधी गिळ, मग बोल. तीही तेच म्हणाली. आणि मग अंथरुणावर पडल्यावर तिला तो रविवार आठवला.

रविवारीच मोजलं होतं तिने. कॉलेज नाही, काका मोकळे, रस्ता मोकळा. मोबाईलमधलं घड्याळ मांडीवर धरून ती तीनदा त्या रस्त्याने गेली-आली होती, अगदी नेकीने, सिग्नलला घड्याळ न थांबवता. जायला तीस मिनिटं, रिकामी व्हॅन परत यायला पंचवीस, मुलं भरायला पाच. सहा पन्नासला सुटलेली व्हॅन सात वीसला कॉलेजात, सात पन्नासला पुन्हा वस्तीत, आठ वीसला पुन्हा कॉलेजात. एका व्हॅनमध्ये दोन फेऱ्या म्हणजे भाडं निम्मं. साधं, सरळ, देखणं गणित. रविवारी खाण बंद असते, एवढंच त्यात मांडायचं राहिलं. आणि पावणेआठला खाणीचं फाटक उघडतं तेव्हा पहिल्या फेरीची माणसं कॉलेजात उपस्थिती लावत असतात, त्यामुळे मॅनेजरबाईंना त्या रस्त्यावर डंपरांची रांग कधी दिसलीच नाही. दुपारी परतताना दिसायचे ते रिकामे, एखाददुसरे, बिचारे.

मग डंपरांच्या रांगेत जाणारी दहा मिनिटं काका रोज भरून आणत कुठून होते?

आणि तो नियम... तोही हिचाच. व्हॅन तीन मिनिटांहून जास्त उशिरा आली तर त्या फेरीचं भाडं माफ. टाळ्या पडल्या होत्या तेव्हा. काका म्हणाले होते, "पोरी, तू वकील हो," आणि कागदावर सही ठोकून मोकळे झाले होते. त्यानंतर पाच महिने एकदाही उशीर नाही. ती सगळ्यांना सांगायची – एकदाही नाही! जणू स्वतःच चालवत होती.

मी काय केलं? मी फक्त वेळ मोजली. गाडी कशी हाकायची ते मी कुठे सांगितलं...

खाणीचं वळण आलं. फाटक बंद, रस्ता रिकामा, कडेला पांढरी धूळ. काकांनी वळणावर वेग कमी केला, हॉर्न दिला, अगदी पुस्तकातल्यासारखं. पहिल्या फेरीत ते असेच चालवत. त्यांच्या मानेवरची शीर मात्र वळण संपेपर्यंत ताठ होती, आणि ती तिला आज पहिल्यांदा दिसली.

बोलायचं तर काय बोलायचं? दुसरी फेरी उशिरा आणा म्हणावं तर साडेआठचा तास जातो, आणि त्या तासाची उपस्थिती भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. एकच फेरी ठेवा म्हणावं तर भाडं दुप्पट. शिंपीणबाईंची मुलगी मागच्या वर्षी बसच्या पासापायीच घरी बसली होती. यंदा व्हॅन झाली म्हणून परत आली, दुसऱ्या फेरीला, दाराजवळ. धाकटाही दुसऱ्याच फेरीला, मागच्या काचेशी. दोघंही त्याच व्हॅनमध्ये... आणि समोर सात डंपर.

सात वीसला व्हॅन कॉलेजच्या फाटकाशी थांबली. मुलं उतरली, आळोखेपिळोखे देत. ती उतरलीच नाही.

"काका, दुसऱ्या फेरीला जरा सावकाश या."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत काहीतरी हललं – कुणी न मागता पाणी पुढे करावं तेव्हा हलतं तसं.

"सावकाश आलो तर भाडं कोण देणार? तुझा नियम?"

या क्षणी म्हणायचं होतं – नियम गेला चुलीत. पण इतक्या महिन्यांची थट्टा जिभेवर बसलेली, ती आपली आपण बोलून गेली, "नियम म्हणजे नियम, काका!" काका हसले, तिला बरं वाटावं एवढंच, आणि गाडी वळवून निघूनही गेले.

प्रॅक्टिकलला ती गेली नाही. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून राहिली. सात पन्नासला तिने मोबाईल काढून लिहिलं – आज उशीर झाला तरी चालेल, नियम रद्द – आणि पाठवायला अंगठा नेला, तोच मनात आलं, आता ते सुटले असतील, वळणावर खिशात फोन वाजेल, ते खाली बघतील... तिने एकेक अक्षर पुसलं. धाकट्याला फोन करावा? तो मागून ओरडणार, काका, ताई विचारतेय! काका मान वळवणार. कुठूनही बोट लावलं तरी ते त्या वळणावरच जाऊन पडत होतं.

आठ दहा. आता रांगेत असतील. आठ बारा. उशीर होऊ दे, देवा, तिने मनात म्हटलं, आणि लगेच जीभ चावली – कारण उशीर म्हणजे सावकाश येणंही, आणि उशीर म्हणजे... आठ सतरा. ती नुसते आकडे बघत राहिली.

आठ एकोणीसला व्हॅन कॉलेजच्या कोपऱ्यावरून आत शिरली.

आणि सगळ्यात आधी तिच्या मनात धाकटा आला नाही. शिंपीणबाईंची मुलगीही नाही. आधी आलं ते – एक मिनिट आधी! छाती भरून, लख्ख. धाकटा त्यानंतर आला. तोवर तो उडी मारून समोर उभाही होता, लालबुंद, केस विस्कटलेले.

"ताई, आज नऊ काढले! तू इथे काय करतेस?"

"काही नाही. पळ, तास बुडेल."

शेवटी दाराजवळची शिंपीणबाईंची मुलगी उतरली. तिचे ओठ पांढरे पडलेले, आणि तरी हसत ती म्हणाली, "थँक्यू हं ताई." कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही.

काका खिडकीतून वाकले. स्टिअरिंगवरचे हात ओले होते. आता. आता सांगायचं, सगळं, मोजणीच चुकली होती म्हणून... शब्द ओठांशी आलेही.

"मॅनेजरबाई, वस्तीत आणखी आठ जणं विचारतायत. साडेनऊच्या तासाची. बसतेय का बघ तिसरी फेरी."

"काका –" ती म्हणाली, आणि थांबली. कारण तिच्या आत कुणीतरी आधीच कामाला लागलं होतं, थंड डोक्याने, हौसेने: आठ वीसला सुटलं तर आठ पंचेचाळीस, भरायला पाच, जायला तीस, नऊ वीस... दहा मिनिटं हातात उरतात. तिने बेरीज थांबवायचा प्रयत्न केला, ती थांबेना. काका तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते, आणि तिला कळत नव्हतं की आता तोंड उघडलं तर त्यातून कोण बोलेल.