लायसन्सच्या पाठची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना परवाना आहे. तुम्ही मला लायसन्स म्हणता, तेही चालेल. माझ्या कडा झिजल्या आहेत, एका कोपऱ्याचं प्लास्टिक सुटलं आहे, आणि माझ्यावरच्या फोटोतला माणूस आता फक्त त्याच्या घरच्यांनाच ओळखू येतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वभावाने संशयी आहे. त्यात माझा फारसा दोष नाही. ज्याने ज्याने मला हातात घेतलं, त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मालकांकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे. असं आयुष्य गेल्यावर कोणाचाच चटकन भरवसा वाटत नाही.

माझा जन्म एका सरकारी कचेरीत झाला. यंत्रातून बाहेर पडलो तेव्हा मी चांगलाच गरम होतो. मालकांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, शर्टाला पुसलं आणि घरी नेऊन सगळ्यात आधी बायकोला दाखवलं. सुरुवातीला ते मालाची गाडी चालवायचे, पुढे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवू लागले. व्हॅनमधली चौदाही मुलं त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणतो, आणि त्यांच्या बायकोला काकू. तीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही. चौकातला हवालदार मला उलटसुलट करून परत देताना म्हणायचा, "तुमचं लायसन्स काय बघायचं, काका. नुसती आपली रीत." हे ऐकून मी खिशात फुगून बसायचो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये एक भाडेकरू आला. चार घड्या घातलेली एक चिठ्ठी. त्या दिवशी काका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते, कारण शाळेला दरवर्षी ड्रायव्हरच्या नजरेचा दाखला लागतो. मी खिशात होतो. दिसत काहीच नव्हतं, पण डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेल्याचं ऐकलं. मग खुर्ची सरकली, काका चार पावलं चालले, परत आले आणि त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. घरी येईपर्यंत ती चिठ्ठी माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती. तेव्हापासून मला ती कधीच धड वाटली नाही. बोलत नाही, चालत नाही, आणि वर्षातून एकदाच, दवाखान्याच्या बाकावर, बाहेर निघते.

त्यानंतर व्हॅनच्या ब्रेकचं सुरू झालं. शाळेजवळच्या वळणावर गाडी मधूनच कचकन थांबायची, दप्तरं पुढे घरंगळायची आणि काका म्हणायचे, "ब्रेक घट्ट झालेत." मेकॅनिकने ब्रेक तपासले, त्यांत काही खोट नव्हती. मग काकांचा संशय बदली ड्रायव्हरवर गेला. काकांच्या सुट्टीला व्हॅन चालवायला येणारा हा तरुण माणूस मोजकंच बोलायचा. काका घरी म्हणाले, "पोरगा गाडीला काहीतरी करून ठेवतो. माझी व्हॅन घ्यायची आहे त्याला." मलाही ते पटलं. गप्प माणसावर संशय घेणं सगळ्यात सोपं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग शाळेने माझी झेरॉक्स मागितली. काका व्हॅनच्या फेरीवर होते, म्हणून काकूंनी मला पर्समध्ये टाकलं. झेरॉक्सच्या दुकानात कव्हरमधून बाहेर काढताना चिठ्ठी खाली पडली. काकूंनी ती उलगडली. वरच्या ओळीत एक अक्षर होतं, खाली दोन, त्याखाली तीन, असं करत पानाच्या टोकापर्यंत. शब्द एकही नव्हता. काकूंचा चेहरा पडला. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या खिशात न कळणारा कागद सापडला की बाईच्या मनात काय काय येत असेल, ते मी सांगायला नको. त्यांनी ती चिठ्ठी जशीच्या तशी परत घातली आणि कव्हर पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

त्याच दुपारी त्यांना स्वतःच्या चष्म्यासाठी त्याच दवाखान्यात जायचं होतं. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितलं. काकूंनी पहिलं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीतली दोन वाचली. तिसऱ्या ओळीवर त्या थांबल्या.

"दिसत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसतं," काकू म्हणाल्या. "सगळं दिसतं."

त्यांनी पर्स घट्ट धरली, इतकी की आत माझा कोपरा दुमडला. घरी आल्यावर त्यांनी मला कोणाला दाखवलं नाही. बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन आहे. त्याच्या शेजारच्या डब्यात, रिळांच्या आणि बटणांच्या खाली, मी आणि चिठ्ठी दोघंही गेलो. वरून काकूंनी अस्तराच्या कापडाचा तुकडा पसरला. आता माझा सगळा संशय काकूंवर फिरला. मला वाटलं, या बाईला नवऱ्याच्या पोटावर पाय आणायचा आहे.

दुसऱ्या दिवशी घरात शोधाशोध सुरू झाली. काकांनी कपाट उपसलं, गाद्या उलटल्या, व्हॅनच्या सीट काढल्या.

"अगं, तू झेरॉक्स काढलीस ना? मग ठेवलंस कुठे?"

"तुमच्या शर्टाजवळ ठेवलं होतं," काकू मशीन न थांबवता म्हणाल्या. मित्रांनो, त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं.

"मग त्यानेच उचललं. काल त्याच्याकडची दुसरी किल्ली द्यायला घरात आला होता."

काकांनी बदली ड्रायव्हरला भर रस्त्यात बोल लावले. तो नुसता म्हणाला, "तपासा काका, माझे खिसे तपासा." काका पोलीस चौकीत जाऊन लायसन्स हरवल्याची नोंद करून आले. तिथून लायसन्सच्या कचेरीत गेले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, पोलिसांची नोंद घेतली, दोन फोटो घेतले आणि म्हणाल्या, "या वयात नवी प्रत काढायची तर डोळ्यांचा ताजा दाखला लागेल."

"मग काढा की दाखला," काकू म्हणाल्या. "त्यात काय अवघड आहे?"

 काका पुन्हा कपाट उपसायला लागले. मी डब्यात चक्रावलो. नवं लायसन्स मिळणार होतं, मग जुन्यासाठी एवढा जीव का काढायचा? त्यांना मी नकोच होतो. त्यांना माझ्या पाठची, दवाखान्याच्या तक्त्यावरून उतरवलेली ती छत्तीस अक्षरं हवी होती, कारण वर्षभरात पाठांतरही पुसट झालं होतं. हे लक्षात आलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं मी लबाडीला पाठीशी घेऊन चौकाचौकातून प्रामाणिकपणे मिरवत होतो.

आता सगळ्यात वाईट गोष्ट ऐका. काकूंना वाटलं होतं की लायसन्स नसलं की काका व्हॅन काढणार नाहीत. पण काका रोज सकाळी व्हॅन काढत होते. हवालदार ओळखीचा, विचारतो कोण? सकाळी व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला की मशीनचं पायडल थांबायचं. व्हॅन परत येईपर्यंत ते पुन्हा चालायचं नाही.

शेवटी काकांनी दाखल्याचा दिवस ठरवला. काकू म्हणाल्या, "मीही येते." डबा उघडला, अस्तर बाजूला झालं आणि मी पुन्हा पर्समध्ये गेलो.

दवाखान्याच्या बाकावर काका हात चोळत बसले होते. आधी दोन माणसं होती. काकूंनी मला बाहेर काढून त्यांच्या हातात ठेवलं, चिठ्ठीसकट.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. "कुठे होतं?"

"माझ्याकडेच."

"तू घेतलंस?"

"मी घेतलं. चिठ्ठीही वाचली. भिंतीवरचा तक्ताही बघितला." त्यांचा आवाज अगदी हळू होता. "अहो, मी तुमचं काही बंद करत नाही. आत जाऊन काय वाचायचं ते तुम्ही ठरवा. पण मला आता रोज सकाळी नुसतं ऐकत बसवत नाही."

काकांनी चिठ्ठी बाहेर काढली, डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ धरली. आतून हाक आली. त्यांनी चिठ्ठी काकूंच्या मांडीवर ठेवली आणि मला घेऊन आत गेले. मला त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. म्हणून या वेळी मला सगळं दिसलं.

काकांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तिसरीत एक अक्षर चुकलं.

"पुढची?" डॉक्टर म्हणाले.

"दिसत नाही."

"गेल्या वर्षी तर शेवटपर्यंत घडाघडा वाचला होतात."

"गेल्या वर्षीही दिसत नव्हतं," काका म्हणाले.  "शाळेच्या वळणावर मुलं रस्ता ओलांडतात ना, ती मला दिसत नाहीत, डॉक्टर. त्यांचा आवाज आला की मी थांबतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.  मग त्यांनी दिवा लावून दोन्ही डोळे तपासले आणि मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं. ऑपरेशन होईल, नजर बरीचशी परतही येईल, पण तोवर चाकाला हात लावायचा नाही. काका रडले. मला कसंनुसं झालं, कारण ज्या फोटोवर मी एवढी वर्षं मिरवलो, तो चेहरा असा वाकडातिकडा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

दुपारी त्यांनी कचेरीत जाऊन अर्ज मागे घेतला. तिथून ते थेट बदली ड्रायव्हरच्या घरी गेले, किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्यावर उगाच आळ घेतला. ब्रेक चांगले आहेत." तो म्हणाला, "माहीत आहे, काका. मी चालवतो ना ती." त्याने किल्ली घेतली आणि काकांना बसायला खुर्ची दिली.

मित्रांनो, आम्हाला पाण्यात भिजवू नका, उन्हात टाकू नका, असं मी सांगायला हवं. पण आम्ही हरवलो तरी आमची दुसरी प्रत मिळते. तुम्ही माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, एवढंच मागणं आहे. या माणसाने एके काळी नीट गाडी चालवून दाखवली, इतकंच मला माहीत असतं. आज त्याला रस्ता दिसतो का, हे त्याच्या घरच्यांना कळतं. तुम्हाला कळलं, तर मला लपवून ठेवू नका, तोंडाने सांगा. काकू नऊ दिवस गप्प राहिल्या. मीही डब्यात गप्पच होतो. ते नऊही दिवस चौदा मुलं त्या वळणावरून गेली.