तिची वीस मिनिटं

बस डेपोत त्यांना सगळे मिनिटवाले म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांची वेळापत्रकं केली. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठे किती थांबेल, ड्रायव्हरला चहा प्यायला किती वेळ मिळेल, हे सगळं त्यांच्या टेबलावर ठरायचं. हाताखालच्या कुणी केलेला तक्ता समोर आला की ते लाल-निळी पेन्सिल काढत. तक्ता जमला असेल तर निळी खूण, नसेल तर लाल अक्षरात एकच शब्द: अशक्य. कंडक्टर लोक म्हणायचे, मिनिटवाले स्वर्गाच्या दारात गेले तरी आधी दार उघडायची वेळ विचारतील आणि मग ती चुकीची कशी आहे ते सांगतील.

अशा माणसाला त्याच्या लेकीने फोनवर वेळापत्रक मागितलं.

"बाबा, एकटे परदेशी जाणार म्हणताय, तर प्लॅन लिहून दाखवा," ती म्हणाली. "आणि आठ दिवसांच्या वर नको. रोज तुम्ही कुठे असाल ते मला कळलं पाहिजे. जमत नसेल तर सरळ ग्रुपबरोबर जा. बत्तीस माणसं आहेत, पुढे झेंडा घेतलेला गाइड. शनिवारपर्यंत त्यांना नाव कळवायचंय."

"मला वेळापत्रक करून दाखवायला सांगतेस? मला?"

"हो. तुम्हालाच."

"आईने कान फुंकलेले दिसतात तुझे."

बोलून गेले ते सवयीने. लेकीच्या आईला जाऊन अकरा महिने झाले होते. "बरं, शनिवारी बोलू," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

जायचं होतं तो देश त्यांच्या बायकोचा होता. म्हणजे तिने शोधलेला. ती शाळेत चित्रकला शिकवायची. तिथल्या शिक्षकांच्या खोलीत एका वर्षी एक कॅलेंडर लागलं होतं, त्यात एका समुद्रकाठच्या शहराचं चित्र होतं. भोवती दगडी तट, आत लाल कौलांची घरं, तटाला खेटून बंदर. वर्ष संपल्यावर ती ते पान फाडून घरी घेऊन आली आणि जेवता जेवता म्हणाली, "इथे जाऊ या." मिनिटवाले म्हणाले, "आधी नीट लिहून काढ. बघू."

तिने शंभर पानी वही आणली आणि लिहून काढलं. तटबंदीचं शहर. त्याच्या खालच्या अंगाला एक जुना राजवाडा, ज्यात आता साधी माणसं राहतात आणि खांबाखांबांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात. आत डोंगरात एकाखाली एक सोळा तळी, आणि त्यांच्यावरून फळ्यांची पायवाट. मग चुनखडीच्या गुहा. शेवटी एक बेट, ज्यावर दीपगृहाशिवाय काही नाही. प्रत्येक पानावर पेन्सिलीने छोटी चित्रं काढली होती. कमान, बोट, मांजर, खांबावरचा शर्ट. बेटाला तर तिने अख्खं पान दिलं होतं. तिथे सकाळी एक बोट जायची आणि संध्याकाळी तीच परत यायची, म्हणजे दिवसभर तिथेच.

मिनिटवाल्यांनी वही तपासली. गाडी आणि बोट यांचा मेळ तीन ठिकाणी बसत नव्हता. दीपगृहासमोर त्यांनी लाल अक्षरात लिहिलं, "एका दिव्यासाठी एक दिवस? अशक्य."

"साहेबांकडून फाइल परत आली," ती लेकीला म्हणाली आणि हसली.

दोन-तीन वर्षांनी तिने दुसरी वही केली. मग तिसरी, चौथी. दर वेळी काहीतरी चुकायचंच. कुठे बोट फक्त उन्हाळ्यात, कुठे रविवारी गाडी नाही. आणि मिनिटवाल्यांचं एक वाक्य तयार असायचं, "रिटायर झालो की निवांत बघू." ते रिटायर झाले. मग तिच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. मग गुडघ्यापेक्षा मोठं काहीतरी निघालं, आणि त्याचं वेळापत्रक डॉक्टरांनाही नीट सांगता येईना.

ती गेल्यावर तिचं कपाट आवरताना पाचवी वही सापडली. ती त्यांनी कधी पाहिली नव्हती. तशीच न उघडता त्यांनी ती जेवणाच्या टेबलाच्या खणात ठेवली.

आता प्लॅन करायचा म्हणून त्यांनी पहिल्या चारच वह्या बाहेर काढल्या. टूरच्या ऑफिसातून गाड्यांच्या आणि बोटींच्या वेळा छापून आणल्या, पट्टी घेतली, रेघा मारल्या. गुरुवारी सकाळी बसले ते दुपारी उठले. दीपगृह घेतलं नाही, ते अशक्यच होतं. बाकी सगळं बसलं, पण अकरा दिवस होत होते. त्यांनी तीनदा बेरीज केली. अकराच. लेकीने तर आठच सांगितले होते.

शुक्रवारी ते टूरच्या ऑफिसात निघाले. ऑफिस दहाला उघडायचं आणि घरापासून पाच मिनिटांवर होतं. मिनिटवाले नऊ पस्तीसला बाहेर पडले आणि नऊ चाळीसला बंद शटरसमोर उभे राहिले. हे हल्ली रोजचं झालं होतं. बँकेत, दातांच्या डॉक्टरांकडे, केस कापायला, कुठेही जायचं म्हटलं की ते वेळेच्या बरेच आधी पोहोचायचे आणि मग समोरच्या पाट्या वाचत उभे राहायचे. ती गेल्यापासून हे शहर लहान झालंय असं त्यांना वाटायचं.

ऑफिसातली बाई लेकीच्याच वयाची होती. चष्मा डोक्यावर आणि हातात दुसरा चष्मा. तिने तक्ता टेबलावर पसरला.

"काका, हे हाताने केलंत? आमच्या कॉम्प्युटरला लाज वाटेल."

"त्याला वाटत नाही. तेच तर वाईट आहे."

ती हसली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. दुसऱ्या पानावर थांबली, परत पहिल्यावर आली.

"एक विचारू का? राग नका मानू. पायाला वगैरे काही त्रास आहे?"

"रोज चार किलोमीटर चालतो."

"मग हे बघा. हॉटेल ते स्टेशन पाच मिनिटं. तुम्ही पंचवीस धरलीत. इथे धक्का सात मिनिटांवर, तुम्ही धरलीत सत्तावीस. हे राजवाड्याचं, तळ्यांचं, सगळीकडे वीस मिनिटं जास्त आहेत. त्यामुळे इथे सव्वादहाची गाडी चुकते, पुढची चारला, म्हणून एक मुक्काम वाढला. असे तीन मुक्काम वाढलेत." तिने पेन्सिल टेकवून तिन्ही जागा दाखवल्या. "ही वीस-वीस मिनिटं काढली की आठ दिवसांत आरामात बसतंय. मुलीला आठच दिवस हवेत म्हणालात ना?"

मिनिटवाल्यांनी तक्ता आपल्याकडे ओढून घेतला. अक्षर त्यांचंच होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या तक्त्यात एक मिनिट कुणाला फुकट सापडलं नव्हतं, आणि इथे ओळीओळीला वीस पडली होती.

"उद्या येतो," ते म्हणाले.

"उद्या दुपारी एकपर्यंतच आहे हं मी. ग्रुपचं नाव कळवायचीही तीच वेळ आहे."

घरी जाताना त्यांना आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांची गाडी चुकली होती. निघता निघता बायको चष्मा विसरली म्हणून मागे गेली, चष्मा घेऊन आली तर जिन्यात शेजारणीने गाठलं, खाली आली तर तिला कुणाच्या तरी खिडकीतली वेल दिसली. पुढे कुठेही गेलं तरी हेच. रस्त्यात मध्येच टेकायची, चित्रांची वही काढायची आणि म्हणायची, "दोनच मिनिटं हं." मिनिटवाले बाजूला घड्याळ बघत उभे. तेव्हापासून मिनिटवाल्यांनी एक गुपचूप युक्ती केली. तिला कुठलीही वेळ वीस मिनिटं आधीची सांगायची. सहा वीसचा सिनेमा असला तर सहाचा सांगायचा. तेहतीस वर्षं ते तिची वीस मिनिटं मनातल्या मनात धरत आले. तिला हे कधी कळलं नाही, असा त्यांचा समज होता. आणि ती वीस मिनिटं गेले अकरा महिने ते शटरसमोर उभे राहून काढत होते.

घरी येऊन ते टेबलाशी बसले आणि खोडरबर घेऊन कामाला लागले. काम सोपं होतं. पंचवीसचे पाच, सत्तावीसचे सात. सव्वादहाची गाडी मिळाली, एक मुक्काम गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. दुपारी दोनपर्यंत आठ दिवसांचा तक्ता तयार झाला. लेक काही म्हणू शकली नसती.

मग पडताळा पाहावा म्हणून त्यांनी खण उघडला आणि पाचवी वही काढली.

तिच्यात एकही चित्र नव्हतं. सरळ रेघा होत्या, पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, अंतर, शेरा. अगदी त्यांच्या तक्त्यासारखे रकाने. त्यांनी लाल पेन्सिल हातात धरून वाचायला सुरुवात केली. पहिला दिवस बरोबर होता. दुसरा बरोबर होता. हॉटेल ते स्टेशन पाच मिनिटं. सव्वादहाची गाडी. ते चूक शोधत शेवटच्या पानापर्यंत गेले, पण पेन्सिल कुठे टेकवायला जागा नव्हती. आठ दिवस. वीस वर्षं हाताखाली काम केलेल्या माणसांनाही असा तक्ता जमला नव्हता. "शाब्बास," ते मोठ्याने म्हणाले.

तक्त्याच्या खाली तिने लिहिलं होतं:

"साहेबांकडे तपासणीसाठी सादर. माझी वीस मिनिटं सगळीकडून काढली आहेत. दीपगृहही काढलं. कुठे बसणार नाही, वही नेणार नाही. आता लाल पेन्सिल चालवून दाखवा."

मिनिटवाल्यांनी ते पुन्हा वाचलं. तारीख आजार निघण्याच्या दोन महिने आधीची होती. म्हणजे वही तयार होती आणि तिने ती दिली नव्हती. का दिली नसेल याचा त्यांनी बराच विचार केला. विचारायला कुणी नव्हतं.

खालच्या दुकानाचे दिवे लागले तरी ते तसेच बसले होते. मग त्यांनी पेन्सिलीचं लाल टोक "माझी वीस मिनिटं सगळीकडून काढली आहेत" या ओळीवर टेकवलं, ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं: अशक्य. दीपगृहाच्या ओळीवरही तसंच केलं. नंतर खोडरबर बाजूला ठेवून नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून रेघा मारल्या.

शनिवारी ते परत नऊ चाळीसलाच पोहोचले. या वेळी पाट्या वाचल्या नाहीत. शटरच्या पायरीवर बसून राहिले.

बाईने नवा तक्ता पाहिला. "काका, वाढला की हो. बारा दिवस झाले."

"हो."

"वीस मिनिटं तशीच ठेवलीत."

"ठेवलीत. ती बायकोची आहेत."

बाईने पुढे काही विचारलं नाही. तिने त्यांच्या लेकीला फोन लावला, तक्ता वाचून दाखवला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"बाबा, मी आठ म्हटलं होतं," लेक म्हणाली. "आणि हे बेट काय आहे? सकाळी नऊला उतरणार आणि परतीची बोट साडेपाचला. साडेआठ तास तिथे करणार काय तुम्ही?"

"बसेन."

"नुसते?"

"नुसता."

"तुम्ही? तुम्ही तर दवाखान्यातही उभे असता."

"म्हणूनच," मिनिटवाले म्हणाले. मग त्यांनी तिला पाचव्या वहीच्या शेवटच्या पानावरच्या ओळी वाचून दाखवल्या.

पलीकडे लेकीने नाक पुसल्याचं ऐकू आलं.

"त्या बेटावर काही खायला मिळत नसेल," शेवटी ती म्हणाली. "आदल्या दिवशी बरोबर काहीतरी बांधून घ्या. आणि रोज फोन करायचा."

"किती वाजता?"

"बाबा."

"बरं, करीन."

बाईने कॉम्प्युटरवर नाव, वय, पत्ता भरला. "प्रवासी किती?" असं तिथे लिहून आलं. तिला उत्तर माहीत होतं, तरी तिने मान वर करून पाहिलं.

"एक," मिनिटवाले म्हणाले.

"गाडीत खिडकी हवी की वाटेच्या कडेची जागा?"

खिडकी बायकोला देऊन ते आजवर कडेलाच बसत आले होते. तिथून दार जवळ पडायचं. "कडेची," ते म्हणाले आणि मग म्हणाले, "खिडकीजवळ कोण येईल?"

"येईल कुणीतरी, ज्याला मिळेल तो."

"असू दे."

तिकिटं घेऊन ते बाहेर पडले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. प्रवासाला अजून दोन महिने होते. घर पाच मिनिटांवर. मिनिटवाल्यांनी ठरवलं की आज पंचवीस मिनिटांत जायचं, तिच्यासारखं. ते सावकाश निघाले. बुटांच्या दुकानासमोर थांबून त्यांनी बूट पाहिले. बूटच होते. कोपऱ्यावर एक कुत्रा झोपला होता, त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहिले. कुत्र्याने एक डोळा उघडला आणि मिटला. वरच्या एका खिडकीत वेल आहे का पाहिलं. वेल होती, ती त्यांनी खालपासून वरपर्यंत नीट पाहिली. मग जिन्यात शेजारीण भेटेल म्हणून रेंगाळले, पण तिच्या दाराला कुलूप होतं.

दार उघडताना त्यांनी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती. एवढंसं अंतर तिला पंचवीस मिनिटं कसं पुरायचं, ते त्यांना काही कळेना.