नव्या मनोऱ्यातला जुना खांब

मित्रांनो, माझ्या अंगाला टेकून रोज कुणी ना कुणी उभं राहतं. कुणी फोनवर बोलतं, कुणी हळूच पाठ खाजवून घेतं. पण मी कोण, हे आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. मी एका उंच इमारतीच्या सहाव्या मजल्यावरचा काँक्रीटचा जुना खांब आहे. माझं वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि माझ्या डोक्यावरचा मनोरा अवघा चार वर्षांचा आहे! हे कसं घडलं, ते ऐका.

मी जन्मलो तेव्हा हे शहर बसकं होतं. आमची इमारत पंचवीस मजल्यांची होणार म्हणून लोक मान वर करकरून बघायचे. आधी माझ्या सळया बांधल्या, मग भोवती फळ्यांचा साचा ठोकला आणि वरून काँक्रीट ओतलं. आमच्या मुकादमाला सगळे 'ओळंबा' म्हणायचे, कारण ओळंब्याची दोरी कायम त्याच्या खिशात असायची. साचा केसभर कलला तरी तो सगळा उलगडायला लावायचा. फळ्या निघाल्यावर त्यानं मला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ माझ्यावर पाणी मारायला लावलं.

"अहो मुकादम, हा खांब आहे की तान्हं बाळ?" एक कामगार कंटाळून म्हणाला.

"बाळ परवडलं. ते रडून तरी सांगतं," ओळंबा म्हणाला. "हा तहानलेला राहिला, तर पन्नास वर्षांनी कळेल."

त्यानंतर माझ्याभोवती कचेऱ्या थाटल्या गेल्या. माझ्यावर दर काही वर्षांनी नवा रंग चढला, कॅलेंडरांसाठी खिळे ठोकले गेले. सुरुवातीला सगळे इमारतीचं कौतुक करायचे. पण तिच्या काचा उघडत नव्हत्या. दुपारी आत नुसती भट्टी व्हायची आणि थंडाव्यासाठीची यंत्रं दिवसभर घरघरत राहायची. पुढे गच्चीतून झिरपलेलं पाणी भिंतींतून खालच्या मजल्यांपर्यंत उतरू लागलं. एकेक कचेरी उठून गेली. शेवटी मजल्यावर मी, माझे सोबती खांब, धूळ आणि एक मोडकी खुर्ची एवढेच उरलो.

मग एके दिवशी तिघं वर आली. एक होत्या मालकीणबाई. ही इमारत त्यांच्या वडिलांनी उभारली होती. दुसरा इमारती पाडणारा कंत्राटदार. तिसरी अभियंता, हातात नकाशांची गुंडाळी घेतलेली.

"सगळं पाडायला किती दिवस लागतील?" मालकीणबाईंनी विचारलं.

"वर्ष तरी जाईल," कंत्राटदार म्हणाला. "मलबाच हजारो ट्रक निघेल."

"आणि तेवढंच काँक्रीट पुन्हा बनवायचं," अभियंता म्हणाली. "त्यासाठी सिमेंटच्या भट्ट्या पेटवायच्या, धूर करायचा. मॅडम, हा सांगाडा ठेवून त्याच्याभोवती दुप्पट उंचीचा मनोरा चढवता येईल."

मालकीणबाई हसल्या. "जुन्या कोटाला नव्या बाह्या? उद्या कोसळलं तर?"

अभियंत्यानं त्यांना जगभरातल्या इमारतींची चित्रं दाखवली. कुठे लाकडाच्या तुळयांवर पंधरा-सोळा मजले उभे होते. कुठे ऊन वाढलं की भिंतीवरचे पडदे पाकळ्यांसारखे आपोआप मिटत होते. कुठे मजल्यामजल्यावर झाडं वाढली होती. मी आ वासून ऐकत होतो. माणसं एवढं काही करू शकतात, याची मला कल्पनाच नव्हती!

मालकीणबाई कंत्राटदाराकडे वळल्या. "तुमचं काय मत? खरं सांगा."

अभियंत्याचा चेहरा पडला. पाडकामावर ज्याचं घर चालतं, तो दुसरं काय सांगणार? कंत्राटदारानं खिशातून छोटी हातोडी काढली, मला चार ठिकाणी ठोकलं आणि कान लावला.

"मॅडम, मी तीस वर्षं इमारती मोडतोय," तो म्हणाला. "आतून सडलेला खांब भद्द वाजतो. हा खणखणीत आहे. पण नुसत्या माझ्या कानावर जाऊ नका. तपासून घ्या."

दुसऱ्याच दिवशी एक यंत्र माझ्या पोटात घुसलं आणि त्यानं हातभर लांबीचा गोल तुकडा कापून काढला. तो प्रयोगशाळेत दाबून फोडायचा होता. माझ्या प्रत्येक सोबत्याचा असाच तुकडा गेला. आठ दिवस आम्ही जीव मुठीत धरून उभे होतो.

नवव्या दिवशी लिफ्ट बंद असल्यानं अभियंता सहा मजले धावत चढली. ती धापा टाकत होती. मालकीणबाईंपुढे तिनं नुसता कागद धरला.

"म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे... नकाशात लिहिली होती त्याहून जास्त ताकद आहे! चांगलं काँक्रीट वर्षानुवर्षं घट्ट होत जातं, मॅडम. दर तीन खांबांपैकी दोन ठेवता येतील."

मालकीणबाईंनी माझ्या अंगावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ठेवा."

माझ्या उत्तरेकडचा सोबती मात्र नापास झाला. झिरपत्या पाण्यानं त्याच्या सळया गंजून गेल्या होत्या. कंत्राटदारानं स्वतः उभं राहून त्याला कापलं, मला ओरखडासुद्धा न येऊ देता. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

मग माझ्या शेजारी नवे मजले चढू लागले. पण ते मला चिकटवले नाहीत; मध्ये वीतभर फट ठेवली. नवं काँक्रीट सुकताना आकसतं, भारानं खाली बसतं. माझं ते सारं कधीच उरकलं होतं.

"आता जोडून टाका की!" मालकीणबाई घाई करायच्या.

"आधी नव्याला बसू द्या," अभियंता म्हणायची. "आत्ता जोडलं तर ते जुन्याला ओढून फोडेल."

कित्येक महिने ती दर सोमवारी फट मोजत राहिली. शेवटी माप हलायचं थांबलं. फट भरली गेली, तात्पुरते आधार काढले गेले आणि त्या अजस्र मनोऱ्याचा माझ्या वाट्याचा भार माझ्यावर आला. मित्रांनो, त्या क्षणी मी थरारून गेलो! पन्नासाव्या मजल्यावर वारा आदळला, तो मला इथे सहाव्यावर कळला. कधी न पाहिलेलं आभाळ जणू माझ्या अंगातून वाहू लागलं.

आता प्रत्येक मजल्याची कड खिडक्यांच्या थोडी पुढे आलीय, त्यामुळे वरचा मजला खालच्यावर सावली धरतो. खिडक्या उघडतात. पावसाचं पाणी टाक्यांत साठून गच्च्यांवरच्या झाडांना मिळतं. घरघर जवळजवळ थांबली आहे. पहिल्यांदा आत येणारी माणसं मान वर करकरून बघत राहतात.

मित्रांनो, जुनं म्हणून सगळंच ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझा सोबती खरंच थकला होता, आणि वेळेवर गच्ची दुरुस्त झाली असती तर तोही आज माझ्याजवळ असता. म्हणून एवढंच मागतो. जे हाताशी आहे त्याची निगा राखा, आणि मोडीत काढण्याआधी एकदा नीट तपासून बघा. कदाचित त्याच्या डोक्यावर अजून कितीतरी मजले चढायचे असतील.