सुईच्या भरवशावर

धुळ्याहून जळगावला एकटीनं विमान न्यायची दीपमालाची ती पहिलीच खेप. साक्रीची ही पोर धुळ्यात वैमानिकाचं शिक्षण घेत होती. पारोळा मागे पडलं आणि नकाशा दाखवणारा पडदा एकाएकी काळा झाला. बटण दोनदा दाबलं, काही उपयोग नाही. खाली बघावं तर मे महिन्यातली धूळ इतकी दाटलेली की महामार्गसुद्धा दिसेना.

मग भूपेंद्र सर आठवले. शिकवताना ते मुद्दाम पडद्यावर वर्तमानपत्र टाकायचे. ती चिडली की म्हणायचे, "यंत्र कधी रुसेल सांगता येत नाही. सुईवर उडायला शीक."

तिनं रेडिओवर जळगाव विमानतळावरच्या, विमानांना दिशा दाखवणाऱ्या केंद्राचा आकडा लावला. कानात टूं-टिटची खूण वाजली. केंद्र बरोबर होतं. तबकडी फिरवून तिनं केंद्राकडची वाट दाखवणारी सुई मधोमध आणली. वारा विमानाला उजवीकडे रेटत होता. सुई डावीकडे सरकली की तीही नाक जरासं डावीकडे वळवायची. उंची, दिशा, सुई. नजर तेवढ्यातच फिरत राहिली. वीसेक मिनिटांनी धुळीतून धावपट्टी उमटली, तेव्हा ती मोठ्यानं "देवा!" म्हणाली.

उतरल्या उतरल्या तिनं सरांना फोन केला. "सर, पडदा बंद पडला, सुईवर आले. तुमच्यामुळे."

"मी फक्त शिकवलं," सर म्हणाले. "ते केंद्र चालू ठेवणारा माणूस तिथंच असेल. त्याला भेटून ये."

विचारत विचारत ती यंत्रांच्या खोलीत पोचली. भडगावचे कौतिक नाना, निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ, मीटर बघून नोंद करत होते. तिनं घडलेलं सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. नाना गडबडून उठले.

"कोनता गावनी शे तू, बेटी?"

"साक्रीनी, नाना."

"रोज विमानं येतस, जातस. पन सारी नोकरीमा आसं कोनी भेटाले उनं नही."

त्यांनी तिला बसवलं, माठातलं पाणी दिलं. मग राहवेना म्हणून बायकोला फोन लावला आणि आवाज चढवून सांगितलं, "आयकस का? आज एक पायलट मना पाया पडनी!"