आयासचे गुडघे

कुंभारवाड्यात दिफिलोसला सगळे आयास म्हणायचे, आणि ते नाव त्याला नकोसं व्हायचं. ट्रॉयच्या रणात अकिलीस पडला, तेव्हा त्याचं प्रेत शत्रूच्या भाल्यांमधून पाठीवर घालून बाहेर काढणारा तो आयास. घड्यांवर चित्रं काढून पोट भरणाऱ्या माणसाला असलं नाव मिळालं तर त्यानं खरं म्हणजे मिशीला पीळ द्यायचा. पण हा बिचारा हाक ऐकली की बोळ बदलायचा.

कारण ते खोटं होतं. दोन वर्षांपूर्वी देलिओनच्या लढाईत अथेन्सचं सैन्य थेबवाल्यांचा मार खाऊन पळालं. सांगायला लाज वाटते, पण पळालं हेच खरं. कोणी समुद्राकडे, कोणी डोंगराकडे, हातातल्या ढाली टाकून. थेबवाल्यांनी पुढे सतरा दिवस प्रेतंही उचलू दिली नाहीत. दिफिलोस डोंगरातून ठेचकाळत घरी आला, तेव्हा वेशीच्या दारात मिर्टालेमावशी उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत होती, "माझा खारेस दिसला का?"

खारेस आणि दिफिलोस एका गल्लीतले, रांगेतही शेजारी शेजारी उभे राहिलेले. मावशीचा चेहरा बघून दिफिलोसच्या तोंडातून निघून गेलं, "मावशी, तो पडल्या पडल्या गेला. मी त्याला पाठीवर घातला, ओढ्यापर्यंत आणला. झाडाखाली निजवला, डोळे मिटले. मग त्यांचे घोडेस्वार आले, म्हणून पुढे आणता नाही आलं."

त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता हो. पण मावशी वेशीपाशी थडग्यांना बांधायच्या फिती विकायची. रोज शंभर बायका तिच्याकडे येत आणि प्रत्येकीला ती ही गोष्ट सांगायची. महिन्याभरात गोष्ट गावभर झाली आणि दिफिलोसचा आयास झाला. त्या दिवशी पळालेले दुसरेही शेकडो होते, पण कोणी खोडून काढली नाही, कारण मग तू स्वतः कुठे होतास हा प्रश्न आला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मावशी मात्र दर आठवड्याला दिफिलोसच्या हातावर अंजीर ठेवायची, आणि तो ते वळणावर पहिल्या भेटलेल्या पोराला देऊन टाकायचा.

या शरदात ती गोर्गोसच्या भट्टीवर आली. गोर्गोस घडे घडवायचा, दिफिलोस ते रंगवायचा.

"खारेससाठी तेलाची सुरई हवी," ती म्हणाली. "पितरांच्या दिवशी त्याच्या थडग्याच्या दगडापाशी ठेवीन. वर आयासनं अकिलीसला उचललंय असं काढ. माझ्या आज्याकडे होती तसली, जुन्या पद्धतीची. पण नावं त्यांची नकोत. एकाच्या शेजारी खारेस लिही, दुसऱ्याच्या शेजारी तुझं."

"लिही की," गोर्गोस हसला. "आमच्या आयासचा पुतळा कोणी उभारणार नाही, निदान सुरईवर तरी दिसू दे."

दिफिलोसनं खूप आढेवेढे घेतले. जिवंत माणसाचं नाव थडग्यावर अशुभ असतं म्हणाला, हातात दुसरी कामं आहेत म्हणाला. मावशी म्हणाली, मी थांबेन. आईपुढे कोणाचं काय चालतं?

तिसऱ्या दिवशी ती कच्चं रेखाटन बघायला आली. सुरई अजून ओलसर होती. दिफिलोसनं बोथट काडीनं आकृत्या कोरल्या होत्या, रंग भरायचा बाकी होता. आयास त्यानं आजवर तीस-चाळीस वेळा तरी काढला असेल. गुरूनं शिकवलेला ठरीव आयास होता तो, ताठ मानेचा, लांब टांग टाकणारा, एका हातात दोन भाले. पाठीवर अकिलीस, केस लोंबलेले.

मावशीनं डोळे बारीक करून बघितलं. "छान आहे रे. पण हा चाललाय कुठे, लग्नाला?"

गोर्गोस खो खो हसला.

"हसू नकोस मेल्या," ती म्हणाली. "दिफिल्या, याची मान वर कशी? खारेस बारा वर्षांचा असताना तापानं फणफणला होता, मी त्याला डोंगरावरच्या शेतातून पाठीवर घेऊन आले. मला घरापर्यंत माझ्या पायांशिवाय काही दिसलं नाही. आणि याचे गुडघे बघ, सरळ. पाठीवर लोकरीची टोपली असल्यासारखे."

"चित्रात असंच काढतात, मावशी. वीर आहे तो."

"वीर असला म्हणून काय झालं, ओझं ते ओझं. तू तर उचललंयस. तुला आठवत असेल तसं काढ ना."

ती गेली. दिफिलोसनं ओल्या स्पंजनं आयास पुसला आणि नव्यानं काढला. मान खाली केली, तर आयास काहीतरी हरवलेलं शोधतोय असं दिसू लागलं. गुडघे वाकवले, तर तो नाचायला लागला. पंचवीस वर्षं मुरलेला हात त्याचा, डोळे मिटून घोड्याची आयाळ काढील, पण हे काही जमेना. आठवायला काही नव्हतंच. संध्याकाळपर्यंत त्यानं चार वेळा पुसलं. सुरईचं पोट ओलं होऊन मऊ पडलं, तेव्हा गोर्गोसनं शिव्या देऊन दुसरी सुरई पुढ्यात ठेवली.

दोन दिवसांनी मावशी पुन्हा आली. गोर्गोस मागे भट्टी लावत होता. तिनं नवं रेखाटन हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि या वेळी थट्टा केली नाही.

"दुसरा हात मोकळा ठेवलायस," ती म्हणाली. "मेलेलं माणूस सरकतं, दिफिल्या. जिवंत लेकरू गळ्याला धरून बसतं, मेलेलं धरत नाही. दोन्ही हात लागतात."

"हो. विसरलो."

"हे विसरतं कोणी?"

मावशीनं सुरई हळूच फळीवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. आपण पुढचं विचारलं नाही तर बरं, असं तिलाही वाटलं असणार. पण विचारल्याशिवाय राहवेना.

"तू त्याला उचललंस ना रे?"

हो म्हणायला एकच अक्षर लागत होतं. दोन वर्षं म्हटलंच होतं की. पण फळीवरचा तो आयास समोर होता, आणि त्याच्याकडे बघून दिफिलोसला आणखी एकदा खोटं बोलवेना.

"नाही मावशी. मी पळालो."

"आणि तो?"

"मांडीत भाला घुसला होता."

"म्हणजे जिवंत होता."

"हो." आता सुटलंच होतं, तर सगळंच बाहेर आलं. "त्यानं माझा पाय धरला. दिफिलोस म्हणून हाक मारली. मी लाथ मारून पाय सोडवला आणि पळालो. वळून बघितलं नाही. मेला कधी, ते मला ठाऊक नाही."

मावशी मातीच्या ढिगावर मटकन बसली. त्याला वाटत होतं, तिनं ओरडावं, तोंडावर थुंकावं, वेशीत जाऊन सगळ्यांना सांगावं. त्या सगळ्याची त्यानं तयारी ठेवली होती.

"दोन वर्षं मी रात्री शांत झोपले," ती अखेर म्हणाली. "झाडाखाली निजवलंय म्हणून."

"म्हणूनच सांगितलं होतं, मावशी."

"गप्प बस."

ती उठली, फितींची टोपली बाजूला सारली, पदर आवळला आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"वाक."

"काय?"

"वाक म्हणते ना. मला उचल. दगडापर्यंत न्यायचं. मी अंग सैल सोडणार आहे, मुळीच धरणार नाही. मध्ये टाकायचं नाही."

लढाईत मेलेल्या सगळ्यांच्या अस्थी वेशीबाहेर एकाच थडग्यात होत्या, वर नावांचा दगड. भट्टीपासून दोन हाकांच्या अंतरावर. दिफिलोस वाकला. मावशी काही चिमणी नव्हती, चांगली भरल्या अंगाची बाई, आणि तिनं खरंच सगळा भार सोडून दिला. डोकं त्याच्या मानेवर आदळलं, हात पुढे लोंबू लागले. पहिल्याच पावलाला ती डावीकडे सरकली. त्यानं दोन्ही हातांनी सावरलं.

रस्त्यावर माणसं होतीच. तेलाच्या सुरया वाहणारा गाडीवान ओरडला, "काय रे आयास, म्हातारी पळवतोस?" एक बाई धावत आली, मावशीला भोवळ आली का म्हणून. दिफिलोसनं उत्तर दिलं नाही, देण्याइतका श्वासच नव्हता. त्याला फक्त धूळ दिसत होती आणि स्वतःची बोटं. अर्ध्या वाटेवर मांड्या थरथरू लागल्या. कंबरेत कळ आली, डोळ्यांत घाम उतरला. त्या दिवशी खारेसला घेऊन आपण डोंगरापर्यंत पोचलो असतो का? नसतोच. दोघेही मेलो असतो. हे त्यानं दोन वर्षं स्वतःला सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. तरी ते आज तो मनातही म्हणू शकला नाही.

"मावशी, जरा टेकवू का?"

मेलेलं माणूस बोलत नाही. तीही बोलली नाही.

तो चालत राहिला. दगड आला तेव्हा त्याचे गुडघे आपोआप जमिनीला लागले. समोर नावांची रांग होती, खारेसचं नाव खालून सातवं. त्यानं खांदा तिरका केला, म्हणजे तिला उतरता येईल. ती उतरली नाही. इतका वेळ सैल सोडलेले तिचे हात वर आले, त्याच्या गळ्याभोवती घट्ट आवळले, आणि मिर्टालेमावशी मोठ्यानं रडू लागली. तिचं रडणं संपेपर्यंत दिफिलोस तसाच, तिला पाठीवर घेऊन, वाकून राहिला.