टण् की ढब्ब?

मी एक जुना लाकडी हातोडा आहे, मित्रांनो. खिळे ठोकणारा नव्हे! त्या लोखंडी मंडळींच्या रांगेत मला बसवू नका, मला राग येतो. माझं काम झाडं ठोकून बघण्याचं. झाड उभं ठेवायचं की उतरवायचं, हे मी सांगतो. म्हणजे मी वाजतो आणि माझे मालक ऐकतात.

मालकांना सगळे काका म्हणतात. घरांवर झुकलेली, धोक्याची झाडं उतरवणं हा त्यांचा धंदा. तरुणपणी एका पडलेल्या झाडाच्या गाठाळ बुंध्यातून त्यांनी मला स्वतःच्या हाताने तासून काढलं. दांडा आजवर तीनदा बदलला, डोकं मात्र तेच आहे. पुढे करवतीचं मशीन आलं. लोक त्याच्याभोवती गोळा व्हायचे आणि मी पोत्याच्या तळाशी पडून असायचो. बरं, झाड कापता येतं त्याला. पण कापावं की नाही, हे विचारायला शेवटी माझ्याकडेच यावं लागतं ना?

भरीव खोडावर मला मारलं की 'टण्' वाजतं. आतून कुजलेल्या खोडावर मारलं की 'ढब्ब'. वर हिरवीगार पानं, धडधाकट साल आणि आत नुसती पोकळी, अशी झाडं मी शेकडो पाहिली. वरून कीर्तन, आतून तमाशा!

पण त्या मशीनने एक वाईट केलं. वीस वर्षं ते काकांच्या कानाशी घरघरलं आणि काकांचे कान हळूहळू गेले. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे, पण टण् आणि ढब्ब त्यांना सारखेच झाले. हे फक्त काकूंना ठाऊक होतं, आणि मला. काकू खाली दोर धरायला असायच्या. काका मला खोडावर मारायचे आणि सहज बघितल्यासारखं काकूंकडे बघायचे. झाड पोकळ असलं की काकू कपाळावरचा घाम पुसायच्या. दोन वर्षं ही गोष्ट या कानाची त्या कानाला कळली नाही.

मग तो दिवस आला. काकू तापाने फणफणल्या होत्या. झाड नुसतं बघून सांगायचं होतं, म्हणून काका मला घेऊन एकटेच निघाले.

बैठं घर होतं. मागच्या खोलीच्या खिडकीपासून चार हातांवर एक प्रचंड शिरीष उभा होता, सगळ्या छपरावर पसरलेला. मागच्या वादळात त्याची मांडीएवढी फांदी पडून तीन पत्रे फुटले होते. तेव्हापासून त्या घरच्या बाई, शाळेत शिकवायच्या त्या, आपल्या दोन्ही मुलींना पुढच्या खोलीत घेऊन झोपत होत्या. नवरा धरून चौघं दाटीवाटीने, दाराला पाय लावून. त्यांच्या नवऱ्याला मात्र झाड हवं होतं. पंधरा दिवस दोघांची जुंपली होती. शेवटी ठरलं, काका सांगतील ती पूर्व दिशा.

"नीट बघा हं काका," नवरा म्हणाला. "एवढं हिरवंगार झाड आहे. उगाच जीव घ्यायचा त्याचा?"

"आणि ते माझ्या पोरींच्या अंगावर आलं तर?" बाई म्हणाल्या.

काकांनी मला पोत्यातून काढलं. रस्त्याच्या बाजूला मारलं. टण्. मला हायसं वाटलं. वळून कुंपणाच्या भिंतीच्या बाजूला मारलं. टण्. मग खिडकीच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर मारलं.

ढब्ब!

माझ्या डोक्यात मुंग्या आल्या. काकांनी सवयीने मागे बघितलं. काकू उभ्या राहायच्या तिथे नुसती एक बादली होती. त्यांनी पुन्हा मारलं. ढब्ब! नवराबायको काकांच्या तोंडाकडे बघत होती. आवाज त्यांनीही ऐकला, पण त्याचा अर्थ त्यांना कुठून कळणार? मी जीव तोडून सांगत होतो, आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

"चांगलं आहे," काका म्हणाले. "राहू द्या उभं."

अहो काका, काय बोलता हे! मला इतका संताप आला की वाटलं, दांड्यातून निसटून त्यांच्याच पायावर पडावं.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" नवरा खूश झाला. बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि त्या आत गेल्या. काकांनी मला पोत्यात टाकलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि मागच्या फाटकाशी येऊन कडीला हात घातला. जाता जाता त्यांनी एकदा वळून बघितलं.

पोत्याच्या उघड्या तोंडातून मलाही खिडकीच्या आतलं दिसत होतं. बाई मुलींचा पलंग ओढत परत खिडकीशी आणत होत्या. धाकटी तर आधीच त्यावर चढून उड्या मारत होती.

काका तिथेच थांबले. बाहेर पडले असते तर कुणाला काही कळलं नसतं, निदान पुढच्या वादळापर्यंत. मी पोत्यात श्वास रोखून होतो. मग ते वळले, झपाझप खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाई, पलंग राहू द्या. मला ऐकू येत नाही."

"काय?" नवरा पुढे आला.

"कान गेलेत माझे. झाड काय बोललं ते मला कळलंच नाही. अंदाजाने सांगितलं मी. चुकलो."

"अहो, माझ्या पोरी झोपणार होत्या इथे!" नवरा ओरडला. एवढं मात्र काकांना ऐकू गेलं असावं.

"म्हणून तर परत आलो," ते मान खाली घालून म्हणाले. "आता मी मारतो, तुम्ही ऐका."

त्यांनी आधी रस्त्याच्या बाजूला मारलं, मग खिडकीच्या. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "हा आवाज वेगळाय. रिकाम्या डब्यासारखा."

नवऱ्याचा विश्वास बसेना. त्याने मला काकांच्या हातातून घेतलं आणि स्वतः मारलं. ढब्ब. थोडं वर मारलं. ढब्ब. आणखी वर मारलं. बिचारा आशेने मारत होता आणि मला तर खोटं वाजता येत नाही. शेवटी त्याने मला खाली ठेवलं आणि सालीवर तळवा टेकला.

"उतरवा," तो म्हणाला.

कचेरीतून परवानगीचा कागद यायला आठवडा गेला. तोवर काकू बऱ्या झाल्या. मग दिवसभर एकेक फांदी दोराने खाली आली. संध्याकाळी बुंधा कापला तेव्हा आत दोन्ही मुली मावतील एवढं भगदाड होतं. खिडकीच्या बाजूला चार बोटं लाकूड उरलं होतं. नवरा रडला. झाडासाठी रडला की मुलींसाठी, कोण जाणे.

आता काका काही लपवत नाहीत. प्रत्येक घरी आधीच सांगतात, कान माझे गेलेत, तुम्ही ऐका. काही लोक फाटकावरूनच परत पाठवतात. "बहिऱ्याला झाडातलं काय कळणार?" असंही एकाने म्हटलं. कामं कमी झाली. मशीन चालवताना काका हल्ली कानांवर जाड टोप्या चढवतात, पण ते वरातीमागून घोडं.

माझं वय झालंय, मित्रांनो. डोक्याला चीर गेली आहे. म्हणून एवढंच मागतो. घराजवळचं मोठं झाड वर्षातून एकदा जाणकाराकडून ठोकून घ्या, चारही बाजूंनी. आणि कुणी तुम्हाला काही विचारलं आणि ते तुम्हाला कळलं नसलं, तर सरळ सांगा, मला कळलं नाही. त्याने मान जात नाही. कारण तुम्ही 'चांगलं आहे' म्हणून निघून जाता, आणि त्या शब्दाच्या भरवशावर कुणीतरी आपल्या मुलींचा पलंग खिडकीशी ओढत असतं.